एकाच महामार्गावरचं ऊन आणि बर्फ

नागपुरात वर्धा रोडने विमानतळाकडे निघालं की आपण राष्ट्रीय महामार्ग ४४ वर असतो. बुटीबोरी, जांब, हिंगणघाट ही त्याची दक्षिणेकडची नावं आपल्या रोजच्या बोलण्यातली. उलट्या दिशेने कामठी, मनसर, देवलापार करत निघालं की पेंचच्या जंगलात तो उंच पुलांवर चढतो, खालून वाघ-हरणं जातात. पुढे सिवनी, सागर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, अंबाला, पठाणकोट, जम्मू. आणि शेवटी बनिहालचा डोंगर पोखरून केलेल्या साडेआठ किलोमीटरच्या बोगद्यातून तो काश्मीर खोऱ्यात बाहेर पडतो. नागपूर ते श्रीनगर, सुमारे १९०० किलोमीटर. आपल्याकडे २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तिकडे दर वर्षी २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ सुरू होतो, गोठवणाऱ्या थंडीचे चाळीस दिवस. रस्त्याचा क्रमांक मात्र तोच.

आता या रस्त्यावर एक गाडी ठेवू. मर्सिडीजची लांब व्हीलबेसची ई-क्लास, आपल्याच महाराष्ट्रात चाकणला जुळवली जाणारी. भारतात ती २०१७ मध्ये आली. इंजिन पुढे, पण ई २०० आणि ई २२० डी या तिच्या प्रकारांत ताकद जाते ती फक्त मागच्या दोन चाकांना. अशी गाडी घेऊन एखादं कुटुंब डिसेंबरात उत्तरेला निघालं, तर बर्फात ती चालेल का? ‘मागच्या चाकांची गाडी बर्फात नेऊ नये,’ हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते खोटं नाही. पण त्या उत्तरापाशी थांबलं तर त्याच्यामागचं एक विलक्षण विज्ञान पाहायचं राहून जातं.

ज्यांनी ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, त्यांनी मागच्या चाकांची गाडी चालवली आहे. १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन आधीही पुढेच असायचं, आता ताकदही पुढच्या चाकांकडे गेली. आज घरोघरी असलेल्या छोट्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात. मागून ढकलण्याची पद्धत मुख्यतः दोन टोकांना उरली: एकीकडे ट्रक आणि एसटी, दुसरीकडे महागड्या सेडान. सेडानवाल्यांनी ती का सोडली नाही? कारण कामाची वाटणी. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं, मागच्यांनी फक्त ढकलायचं. वजनही पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं बसतं. स्टिअरिंग हातात घेतल्यावर जो स्वच्छ, मोकळा स्पर्श जाणवतो तो या वाटणीतून येतो, आणि मला तो फार आवडतो.

ही सगळी वाटणी शेवटी किती जागेवर उभी असते, ते बघा. गाडीचं वजन साधारण १८०० किलो धरू, म्हणजे एका चाकावर ४५०. टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे २.३ किलो दाब. ४५० ला २.३ ने भागा. दोनशे चौरस सेंटीमीटरही येत नाहीत. तळहातापेक्षा थोडा मोठा रबराचा एकेक ठसा. अशा चार ठशांवर सगळं कुटुंब, सामान आणि ताशी शंभरचा वेग तोललेला असतो. गाडीच्या बाबतीत जे काही घडतं, पळणं, वळणं, थांबणं, ते या चार ठशांना रस्त्यावर जी पकड मिळते तिच्यातूनच घडतं. बर्फ गाडीचं इंजिन कमजोर करत नाही. तो ही पकड काढून घेतो.

पण बर्फ निसरडा का असतो? हा प्रश्न इतका साधा वाटतो की उत्तर केव्हाच सापडलं असेल असं आपण गृहीत धरतो. शाळेत एक उत्तर मिळालेलं असतं: दाबामुळे बर्फ वितळतो, पाण्याचा थर तयार होतो, वस्तू घसरते. दाबाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो हे खरंच आहे. पण किती? एक वातावरण दाब वाढवला तर अंशाच्या हजाराव्या भागात मोजावं इतका, साडेसात हजारांश अंशाच्या जवळपास. आपल्या टायरच्या दाबाने फरक पडतो तो एका अंशाच्या पन्नासाव्या भागाइतका. उणे पाच अंशांवरचा बर्फ नुसत्या दाबाने वितळवायचा तर सहाशेच्या आसपास वातावरणांचा दाब हवा. मर्सिडीज काय, भरलेला ट्रकही तो देऊ शकत नाही.

मायकेल फॅरडे १८५० मध्ये याच प्रश्नावर बोलला होता. बर्फाचे दोन तुकडे एकमेकांना नुसते टेकवले तरी ते जुळून एक होतात. त्यावरून त्याने ओळखलं की शून्याच्या खालीही बर्फाच्या पृष्ठभागावर द्रवासारखा एक पातळ थर असतो. १९३९ मध्ये बोडेन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखच्या बर्फगुहेत प्रयोग करून दाखवलं की घसरताना होणाऱ्या घर्षणाची उष्णताच बर्फ वितळवते आणि निसरडेपण वाढवते. पुढे २०१८ मध्ये ॲमस्टरडॅम आणि माइन्झच्या संशोधकांनी आणखी खोल पाहिलं. बर्फाच्या आतल्या रेणूला चार बाजूंनी शेजारी धरून ठेवतात. पृष्ठभागावरच्या रेणूंना मात्र तीन, काही ठिकाणी दोनच शेजारी. दोनच बंधांनी धरलेले हे रेणू जागा सोडून मोकळेपणी सरकत राहतात. त्यांच्यावरून रबर सरकतं. रस्त्यावर ठोस, पांढरा, दगडासारखा दिसणारा बर्फ वरच्या काही रेणूंपुरता सतत हलत असतो! आणि तापमान शून्याच्या जितकं जवळ, तितका टायरला तो जास्त दगा देतो. म्हणून उणे वीसच्या कोरड्या थंडीपेक्षा बनिहालजवळची दुपार, जेव्हा बर्फ वितळू की गोठू या बेतात असतो, ती ड्रायव्हरला जास्त छळते.

आकड्यांत सांगायचं तर कोरड्या डांबरावर टायरचा घर्षणांक ०.७ च्या आसपास असतो. वाहनांनी दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ होतो, आरशासारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१. ताशी ६० च्या वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी सुमारे २० मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला ७१ मीटर लागतात, गोठलेल्या पाण्यावर १४० हून जास्त. यात विचार करायला लागलेला वेळ धरलेलाच नाही.

विदर्भातल्या माणसाला हा अनुभव अगदीच परका नाही. जूनमधल्या पहिल्या सरीत, उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल, रबराचा भुगा आणि धूळ पाण्यात मिसळून जो लेप होतो, त्यावर नागपूरच्या चौकाचौकांत दुचाक्या आडव्या होतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चाकांबरोबर काळी माती डांबरावर आणली आणि वर पाऊस पडला, की उमरेडकडच्या रस्त्यावर जीपही तिरपी चालते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि तिचे पापुद्रे एकमेकांवरून सरकतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा तर आपल्याकडची शेतं आणि रस्ते काही काळ खरोखर पांढरे दिसले. गहू, हरभरा आणि संत्र्याची ती हानी आठवली की अजून जीव कळवळतो.

आता मागच्या चाकांकडे येऊ. एका टायरजवळ पकड एकच असते. ती पुढे ढकलायला वापरा, थांबायला वापरा की आडवं सरकू न देता वळणावर टिकून राहायला वापरा, सगळं त्या एकाच साठ्यातून. पण हा हिशोब साध्या वजाबाकीचा नाही, तो पायथागोरसचा आहे. ढकलण्याचं बल एका दिशेला, वळणावर धरण्याचं बल त्याला काटकोनात, आणि दोन्ही मिळून होणारा कर्ण टायरच्या एकूण पकडीपेक्षा मोठा होऊ शकत नाही. दहापैकी सहा भाग पकड ढकलण्यात गेली तर वळणासाठी चार उरत नाहीत, आठ उरतात! आठ भाग गेली तरी सहा उरतात. शाळेतला तीन-चार-पाचचा त्रिकोण प्रत्येक वळणावर प्रत्येक टायरखाली मांडलेला असतो. म्हणून बेताने चालवणाऱ्याला बर्फसुद्धा बरंच काही देतो. पण दहाच्या दहा भाग ढकलण्यात गेले, की आडवं धरायला शून्य.

आणि चाक जागच्या जागी फिरायला लागलं की त्याहून वाईट घडतं. घर्षण नेहमी घसरण्याच्या उलट दिशेने लागतं. चाक जोरात फिरतंय, रबर वेगाने मागे घासतंय, तर घर्षणाचा सगळा रोख पुढे. आडव्या दिशेला त्याच्याकडे द्यायला काहीच उरत नाही. ही फिरणारी चाकं पुढची असतील तर गाडी वळायचं सोडून सरळ निघते. मागची असतील तर मागचा भाग वळणाच्या बाहेर सुटतो.

हा क्षण जवळून पाहण्यासारखा आहे. वळण उजवीकडे आहे, ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर किंचित जास्त दाबला आहे. आधी इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही. मग पाठीला, सीटच्या खालून, काहीतरी डावीकडे ओघळल्यासारखं जाणवतं. समोरच्या काचेत रस्त्याऐवजी उजवीकडचा कठडा दिसायला लागतो, कारण गाडीचं नाक आत वळतंय आणि बूड बाहेर जातंय. इथे बहुतेकांचा पाय आपसूक ब्रेकवर जातो किंवा ॲक्सिलरेटर एकदम सुटतो. ॲक्सिलरेटर झटकन सोडला की इंजिन मागच्या चाकांना रोखतं, म्हणजे तीच पकड आता उलट्या दिशेने खर्च होते आणि घसरण वाढते. करायचं असतं ते असं: पाय हळू उचलायचा, नजर जिथे जायचं आहे तिथे ठेवायची आणि बूड ज्या बाजूला गेलंय त्या बाजूला स्टिअरिंग वळवायचं. हे जमतं, कारण पुढच्या चाकांनी आपली पकड ढकलण्यात घालवलेलीच नसते, ती अजून पुरती हातात असते. पुढच्या चाकांच्या गाडीत चूक झाली की स्टिअरिंगच मुकं होतं, पण पाय उचलला की बहुधा ती स्वतःच सावरते. नवख्यासाठी तीच गाडी सोपी, यात मला शंका नाही.

हे सावरायचं काम यंत्राने करावं ही कल्पनाही बर्फातच सुचली. १९८९ मध्ये मर्सिडीजचे अभियंते फ्रांक वेर्नर-मोन स्वीडनमध्ये हिवाळी चाचण्यांच्या वेळी गोठलेल्या रस्त्यावरून घसरून खड्ड्यात गेले. मदतीची वाट पाहताना त्यांच्या मनात आलं: चाक अडकू न देणारी एबीएस यंत्रणा गाडीत आहेच, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे तिला कळलं तर? त्यासाठी लागणारा जायरोस्कोप त्यांनी खेळण्यातल्या हेलिकॉप्टरमधून घेतला! बॉशमध्ये आंतोन फान झांटन यांचा चमू याच दिशेने काम करत होता. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस ६०० कूपेमध्ये हे तंत्र ‘इएसपी’ या नावाने पहिल्यांदा बाजारात आलं. ड्रायव्हरने स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, याची तुलना ते सेकंदाला २५ वेळा करतं. दोन्हीत फरक दिसला की इंजिनची ताकद कापतं आणि नेमक्या एका चाकाचा ब्रेक लावतं. मघाच्या उजव्या वळणावर ते पुढच्या डाव्या चाकाला धरेल, म्हणजे गाडीचं नाक पुन्हा बाहेरच्या बाजूला ओढलं जाईल. चार चाकांना चार वेगळे ब्रेक लावण्याचं हे काम माणसाच्या एका पायाला कधीच जमणार नाही.

पण इएसपी पकड निर्माण करत नाही, आहे तीच नीट वाटते. चढावर हे लगेच कळतं. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर उंची वाढते, अशा चढावर गाडीला वर ढकलायला वजनाच्या सुमारे एक दशांश बल हवं. मागच्या चाकांवर गाडीचं निम्मं वजन, घर्षणांक ०.२, तर मिळणारं बल बरोबर एक दशांश. म्हणजे गाडी अगदी काठावर. चढावर वजन थोडं मागे सरकतं आणि मागच्या सीटवर दोन माणसं, डिक्कीत बॅगा असतील तर ढकलणाऱ्या चाकांवरचा भार आणखी वाढतो, म्हणून भरलेली गाडी रिकामीपेक्षा बरी चढते. चारही चाकांना ताकद असली तर ती दुप्पट चढ चढेल. इथेच लोक फसतात. चढायला चार चाकं मदत करतात, थांबायला नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. उतारावर, ०.२ च्या बर्फावर, चार चाकांना ताकद देणारी गाडी आणि आपली ई-क्लास सारख्याच अंतरात थांबतात. ‘माझी फोर बाय फोर आहे’ म्हणत चढून गेलेला माणूस उतरताना कठड्याला जाऊन भिडतो, त्याचं कारण हे.

थांबण्याचा प्रश्न सोडवतो तो टायर. नागपूरला विकला जाणारा टायर मे महिन्यातल्या तापलेल्या सिमेंट रस्त्यासाठी घडवलेला असतो. साधारण सात अंशांच्या खाली त्याचं रबर कडक व्हायला लागतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत जाऊन बसेनासं होतं. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या नक्षीतला प्रत्येक ठोकळा पात्याने कापल्यासारख्या नागमोडी बारीक चिरांनी भरलेला असतो. बोटांनी ठोकळा वाकवला की चिरा उघडतात. बर्फावर चाक टेकतं तेव्हाही त्या तशाच उघडतात आणि त्यांच्या अनेक कडा बर्फात रुततात. खाचांमध्ये बर्फ अडकून बसतो, आणि तो मुद्दाम अडकू दिलेला असतो! रबर बर्फाला जितकं धरतं, त्यापेक्षा बर्फ बर्फाला जास्त घट्ट धरतो. लहान मुलं बर्फाचा गोळा वळतात तेव्हा हेच घडत असतं, आणि फॅरडेचे दोन तुकडेही असेच जुळले होते.

हिवाळी टायर फिनलंडमध्ये १९३४ साली ट्रकसाठी निघाला, दोन वर्षांनी मोटारींसाठी. कॅनडाच्या क्विबेक प्रांतात २००८ पासून हिवाळ्यात असे टायर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. मॉन्ट्रियलला स्थिरावलेल्या मराठी घरांतही १ डिसेंबरच्या आत टायर बदलणं ठरलेलं असतं, गाडी पुढून ओढणारी असो की मागून ढकलणारी. दाबलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरने घर्षणांक ०.२ वरून ०.३ झाला, तर ६० च्या वेगातलं थांबण्याचं अंतर ७१ वरून ४७ मीटरवर येतं. मागच्या चाकांची सेडान हिवाळी टायरवर, की फोर बाय फोर उन्हाळी टायरवर? उतरायचं असेल तर मी डोळे मिटून पहिली निवडेन.

नागपूरहून निघालेल्या गाडीत आणखीही काही बदलत जातं. इथे थंडीतल्या दुपारी ३३ पौंड भरलेली हवा उणे पाच अंशांत आकसते. पण काश्मीर खोरं समुद्रसपाटीपासून साधारण सोळाशे मीटर उंच, तिथे बाहेरच्या हवेचाही दाब कमी, म्हणून मापक तितका खाली जात नाही. दोन्ही मिळून ३३ चे ३० होतात. काच धुण्याच्या टाकीत नळाचं पाणी असेल तर ते गोठून टाकी फुटू शकते. डिझेल गाडीचं दुखणं वेगळं: थंडीत डिझेलमधलं मेण बाहेर येतं आणि फिल्टर तुंबतो. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणलेलं हिवाळी डिझेल उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. नागपूरला भरलेलं डिझेल त्यासाठी बनलेलंच नाही, त्यामुळे वरच्या टप्प्यात टाकी तिथल्याच पंपावर भरलेली बरी.

श्रीनगरहून गुलमर्गला जाताना तंगमर्गपाशी, बर्फ पडलेला असला की पोलीस फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या वर सोडतात. साखळी लावायची ती ताकदीच्या चाकांना. छोट्या गाड्यांना पुढे साखळ्या बांधायची सवय झालेला माणूस ई-क्लासच्याही पुढच्या चाकांना बांधायला निघेल. त्याला सांगावं लागतं, ‘भैया, पीछे.’ साखळ्या बसल्या की चाकं फिरू न देण्याचा इएसपीचा आग्रह तेवढ्यापुरता ढिला करायचा, असं गाडीच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं. कारण खोल बर्फात साखळीला चाक थोडं फिरायलाच हवं, तेव्हाच तिच्या कड्या वरचा भुसभुशीत थर खरवडून खालच्या घट्ट थरापर्यंत पोहोचतात. इएसपी मात्र चाक फिरलं की ताकद कापत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. तो आग्रह ढिला करून, गिअर वरचा ठेवून, ॲक्सिलरेटरवर पायाचा अंगठा टेकवल्यासारखा दाब दिला, की कड्यांचा खडखडाट सुरू होतो आणि चाकणला जुळवलेली ही गाडी गुलमर्गचा चढ चढायला लागते.